फट कोणी सांभाळायची? : हायड्रॉलिक आणि सॉलिड लिफ्टर

आता लिफ्टरकडे येऊ. आपल्याकडे मेकॅनिक त्याला टॅपेट म्हणतात. कॅम लिफ्टरला ढकलतो, लिफ्टर पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व उघडतो. इंजिन तापलं की हे भाग कमीजास्त वाढतात. मध्ये फट नसेल तर व्हॉल्व पुरता मिटत नाही आणि एक्झॉस्टचा असेल तर जळतो, कारण त्याची बरीचशी उष्णता सीटला टेकल्यावरच बाहेर जाते. म्हणजे फट हा दोष नव्हे. प्रश्न एवढाच, की ती सांभाळायची कोणी?

सॉलिडमध्ये माणसाने, फीलर गेज घालून, पुनःपुन्हा. हायड्रॉलिकमध्ये तेलाने. आत छोटा प्लंजर असतो; फट पडली की इंजिनचं तेल आत शिरून ती भरून काढतं. आवाज नाही, सेटिंगची कटकट नाही.

मग रेसवाले सॉलिड का मागतात? गंमत अशी आहे, की हायड्रॉलिकला फट दिसते, तिचं कारण दिसत नाही. फेरे फार वाढले की स्प्रिंगला व्हॉल्व कॅमच्या मागोमाग आणता येत नाही, क्षणभर फट पडते. लिफ्टर तीही इमानेइतबारे भरतो! व्हॉल्व उघडाच राहतो, ताकद कोसळते. याला पंप-अप म्हणतात.

१९६५ची शेवरले कॉर्व्हेट घ्या. त्याच ३२७ घनइंची इंजिनात हायड्रॉलिकवाला एल७९ ३५० अश्वशक्तीचा, सॉलिडवाला एल७६ ३६५चा. फरक पंधराचा. पण सॉलिडच्या त्या कॅमला फट लागे इंचाचे तीस सहस्रांश, म्हणजे पाऊण मिलिमीटर, खडखडाट आलाच. रोज रस्त्यावर चालवणाऱ्याने या पंधरांसाठी तो सोसावा, असं मला वाटत नाही. शर्यतीत सतत वरच्या फेऱ्यांवर राहणाऱ्याची गोष्ट वेगळी. आणि 'ताकद हवी तर सॉलिडच' हेही आता खरं नाही. २००६च्या कॉर्व्हेट झेड०६चं सात लिटरचं इंजिन हायड्रॉलिक रोलर लिफ्टरवर ७००० फेऱ्यांपर्यंत जातं, ५०५ अश्वशक्ती देतं.

एक विचारलं जातं: कॅम तोच ठेवून नुसते लिफ्टर बदलले तर? नको. सॉलिडच्या कॅमवर फट हळूच मिटवणारा उतार घडवलेला असतो. त्यावर हायड्रॉलिक बसवला तर व्हॉल्व जास्त वेळ उघडा राहतो, आयडलिंग बिघडतं. उलट केलंत तर तो उतार पुरत नाही, दर फेऱ्याला ठोका बसतो. तेव्हा आधी कॅम ठरवा, मग त्याला लागणारा लिफ्टर आणि स्प्रिंग घ्या.