पाणी कोठे मुरते?

व्यवहारात काही गोम दिसली की ‘कोठे तरी पाणी मुरते आहे’ असे आपण म्हणतो. अमरावती-अकोल्याकडे मृगाचा पहिला पाऊस पडला की हे बोलणे अक्षरशः खरे ठरते. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंजीवर नजर ठेवणारा, किंवा वरुड-मोर्शीकडे संत्र्याची बाग राखणारा कॅमेरा नेमका त्या रात्री आंधळा होतो. मालक समजतो, कॅमेरा गेला. तो नवा आणतो; पुढच्या मृगाला तोही जातो. पुष्कळदा दोष कॅमेऱ्यात नसून केबलच्या अंगठ्याएवढ्या जोडात असतो, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

आपण पावसाला बोल लावतो. पण त्याला वाट उन्हाने करून दिलेली असते. वैशाखात वऱ्हाडचा पारा ४५ अंशांवर चढतो. उन्हातल्या बंद डबीतील हवा त्याहूनही तापते. हवा २५ अंशांवरून ६० अंशांवर गेली की सुमारे १२ टक्के फुगते आणि फटीतून बाहेर पडते. अशा डबीवर एकाएकी सर कोसळली की आतली हवा आकसते व फटीवरचे पाणी आत ओढले जाते. साध्या केबलचे आवरणही उन्हाने कडक होऊन तडकते. चिरेतून शिरलेले पाणी तारांच्या मधल्या बारीक जागेतून लांबवर सरकते. म्हणून पाणी शिरते एकीकडे आणि बिघाड दिसतो दुसरीकडे.

नुसत्या पाण्याने तांबे इतक्या लवकर खाल्ले जात नाही. या केबलच्या आठ तारांतून चित्राबरोबर कॅमेऱ्याला लागणारी वीजही जाते. ती साधारण ४८ व्होल्टची व एकाच दिशेने वाहणारी असते. दोन पिनांमध्ये ओल आली की विद्युत्-विघटन सुरू होते. याचेच नियम फॅरडेने १८३४ च्या सुमारास मांडले. मुलामा देणारा कारागीर जे मुद्दाम करतो, तेच येथे नकळत घडते. धन बाजूची पिन झिजते आणि हिरवी पूड उरते. पुष्कळ ठिकाणी निळ्या जोडीवर धन वीज असते; तेव्हा तेथे आधी पाहावे. दुपारी चालणारा कॅमेरा पहाटेच्या दवात बंद पडू लागला, तर तीही ओलीचीच खूण समजावी.

आता दुरुस्ती. प्रथम वीज बंद करावी. हिरवा पडलेला प्लग घासून पुन्हा वापरू नये, कापून टाकावा. मग केबल थोडी थोडी कापत जावी. तांबे काळे दिसते तोवर थांबू नये. लख्ख लाल दिसले की थांबावे. ओल फार आत गेली असेल, तर तेवढी केबलच बदलणे बरे. पाणरोधक ग्लँड व त्याचा रबरी वायसर प्लग बसविण्यापूर्वीच केबलवर ओवावा. हे विसरल्यास नवा प्लगही कापावा लागतो. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवावा. कॅमेऱ्याकडील सॉकेट स्पिरिटने पुसून पूर्ण वाळवावे. त्यातील पिना झिजल्या असतील, तर तेही बदलावे. जोडात थोडे सिलिकॉन ग्रीस भरावे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन मात्र वापरू नये. त्यातले आम्ल तांब्याला खाते.

वरून स्वतःला चिकटणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळावी, तीही खालून वर. घर शाकारताना वरचे कौल खालच्यावर येते, तसाच वरचा वेढा खालच्यावर आला पाहिजे. केबल डबीत खालच्या बाजूने घ्यावी आणि शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळ झोळाच्या तळाशी येऊन गळून जातो. डबीच्या तळाला लहानसे छिद्र असू द्यावे. आत आलेल्या पाण्याला जावयास वाट हवीच. नवी केबल घेताना शुद्ध तांब्याची व ऊन सोसणाऱ्या काळ्या आवरणाची घ्यावी.

आपली व्याख्यानमाला वसंतात भरते, आणि या कामाचा हंगामही हाच आहे. मृगाच्या आधी शिडी लावून प्रत्येक जोड एकदा उघडून पाहावा. ज्या रात्री चोर येतो, ती रात्र पावसाची व अंधाराचीच असण्याचा संभव अधिक. राखणदार त्या रात्री जागा राहिला पाहिजे.