थंड चुंबकातला गरम ठिपका

रुग्णालयातल्या एमआरआय यंत्राच्या पोटात अतिवाहक तारेचं मोठं वेटोळं असतं. निओबियम-टायटॅनियमची ही तार द्रव हेलियमने उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केली की तिचा विद्युतरोध नाहीसा होतो आणि एकदा सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षं फिरत राहतो. मात्र तारेचा छोटासा तुकडा जरी थोडा तापला, तरी तिथे रोध परत येतो. रोधाने उष्णता वाढते, उष्णतेने शेजारचा भागही अतिवाहकता गमावतो. याला क्वेंच म्हणतात. चुंबकात साठलेली सारी ऊर्जा मग उष्णता होऊन बाहेर पडू पाहते.

ही ऊर्जा काय करू शकते, ते सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेने १९ सप्टेंबर २००८ रोजी पाहिलं. दोष तारेत नव्हता, दोन चुंबकांमधल्या जोडात होता. तो वितळला, विजेची ठिणगी पेटली, सुमारे ६ टन हेलियम बाहेर पडलं आणि ५३ चुंबक कणत्वरकाच्या बोगद्यातून काढावे लागले.

क्वेंच पकडण्याचा रुळलेला मार्ग विद्युतदाब मोजण्याचा. सर्नच्या मुख्य चुंबकांत ०.१ व्होल्टचा दाब १० मिलिसेकंद टिकला की यंत्रणा प्रवाह दुसरीकडे वळवते. हे जमतं, कारण जुन्या तारांत क्वेंच सेकंदाला काही मीटर वेगाने पसरतो आणि दाब झटकन वाढतो.

आरईबीसीओ नावाच्या नव्या फितींचं तसं नाही. त्या सुमारे ९० केल्विनपर्यंत अतिवाहक राहतात, त्यामुळे सहसा बिघडतच नाहीत. पण बिघडल्या तर क्वेंच सेकंदाला मिलिमीटर-सेंटिमीटरच्या चालीने सरकतो. दाब नगण्य राहतो आणि तेवढ्यात तोच ठिपका जळून जातो. फितीचा चिवटपणाच तिच्या मुळावर उठतो, असं म्हणायला हरकत नाही. शिवाय चुंबकीय क्षेत्र बदलताना तारांमध्ये जो दाब निर्माण होतो, त्याच्या गोंगाटात हा क्षीण इशारा हरवतो.

इथे काचेचा तंतू उपयोगी पडतो. ऑप्टिकल फायबरमध्ये वीज वाहत नाही, म्हणून त्या गोंगाटाचा त्याच्यावर परिणाम नाही. फितीलगत तो बसवायचा आणि एका टोकातून लेझर सोडायचा. एका पद्धतीत काचेच्या गाभ्यात ठरावीक अंतराने बारीक खुणा कोरतात. त्यांना ब्रॅग जाळी म्हणतात. ती एकच तरंगलांबी परतवते. जागा तापली की ती तरंगलांबी सरकते. खोलीच्या तापमानाला अंशामागे साधारण १० पिकोमीटर. दुसऱ्या पद्धतीत काहीच कोरावं लागत नाही. काचेतल्या नैसर्गिक विषमतेमुळे थोडा प्रकाश मागे विखुरतो आणि बोटांच्या ठशांसारखा प्रत्येक तंतूचा आकृतिबंध निराळा असतो. आधीचा आणि आताचा आकृतिबंध ताडून पाहिला की तापलेली जागा कळते, तीही काही मिलिमीटरच्या अचूकतेने.

खरी गोम थंडीत आहे. ५० केल्विनखाली काच जवळजवळ प्रसरणच पावत नाही, तिचा अपवर्तनांकही फारसा बदलत नाही. ज्या तापमानाला तंतू हवा, नेमका तिथेच तो बधिर होतो. उपाय लेपाचा. पॉलिमर किंवा धातूचा थर उष्णतेने काचेपेक्षा जास्त फुगतो आणि काचेला ताणतो. तो ताण प्रकाशात उमटतो. माझ्या मते या साऱ्या तंत्रात कसोटी लेझरपेक्षा या लेपाचीच आहे.

पण ताण चुंबकाच्या बलामुळेही येतो, आणि तंतूला दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून आकारावर नजर ठेवतात: बलाचा ताण वेटोळ्यात दूरवर पसरलेला आणि प्रवाहाच्या चढउताराबरोबर बदलणारा, तर क्वेंचचा ठिपका एका जागी, प्रवाह स्थिर असतानाही वाढत जाणारा. स्वित्झर्लंडमधल्या सुलतान चाचणी केंद्रात, संलयन-भट्टीसाठी आखलेल्या व्हायपर केबलवर ब्रॅग जाळीचे तंतू क्वेंच पकडण्यासाठी तपासले गेले. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. उरतो प्रश्न वेगाचा: लांबलचक तंतूवरच्या हजारो जागांची माहिती संगणकाने इतक्या लवकर चाळायची, की फीत जळण्याआधी प्रवाह उतरवता यावा.