परसातील कोंबड्यांचे खुराडे : बांधणी आणि राखण

ग्रामीण महाराष्ट्रात परसातील कोंबड्यांची देखभाल बहुतांशी घरातील स्त्रीच्या हाती असते. शेतीचे उत्पन्न हंगामाला येते. अंड्यांचे पैसे मात्र दर आठवडी बाजाराला हाती येतात आणि मीठमिरची, मुलांच्या वह्या, औषधपाणी अशा नडीच्या खर्चाला उपयोगी पडतात. भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांना या उत्पन्नाचा मोठाच आधार वाटतो. परंतु रात्रीतून रानमांजर शिरावे आणि सकाळी खुराड्यात नुसती पिसे उरावीत, किंवा भरदुपारी घारीने झडप घालून पिले उचलावीत, हा अनुभवही घरोघरचा आहे. असे नुकसान दैवाचे मानून सोडून दिले जाते. वास्तविक त्यातील पुष्कळसे खुराड्याच्या सदोष बांधणीमुळे होते आणि ते थोडक्या खर्चात टाळता येते.

या नुकसानीचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. गावठी कोंबडी एका पाळीत साधारणतः १२ ते १५ अंडी घालते, नंतर खुडूक होऊन २१ दिवस ती उबवते आणि पुढे सहा ते आठ आठवडे पिलांना सांभाळते. म्हणजेच एका रात्रीत एक वीण गेली, तर त्या कोंबडीचे जवळजवळ तीन महिने वाया जातात.

शत्रू आणि त्यांच्या वेळा

कोंबड्यांचे शत्रू दोन पाळ्यांत येतात. घार, शिकरा, कावळा आणि मुंगूस हे दिवसाचे. रानमांजर, उदमांजर, घूस आणि कोल्हा हे मुख्यत्वे रात्रीचे. मोकाट कुत्र्याला आणि बोक्याला वेळेचे बंधन नसते. पक्ष्यांची धाड पिलांवर असते. मुंगूस किंवा उदमांजर आत शिरले, तर एकाच पक्ष्यावर न थांबता अनेकांना मारून टाकते. घूस जमीन उकरून खालून येते. टरफलाचा तुकडाही मागे न राहता अंडी नाहीशी होऊ लागली, तर सापाचा संशय घ्यावा. तो अंडे सबंध गिळतो.

साप परसात येतो त्यालाही कारण असते. सांडलेली कणी रात्रभर पडून राहिली की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो. म्हणून संध्याकाळी उरलेले खाद्य उचलून झाकणाच्या डब्यात ठेवणे, हा राखणीतला पहिला आणि बिनखर्चाचा उपाय होय.

जागा आणि बांधणी

जुन्या घरांतून ओसरीच्या भिंतीत दगडमातीचे खुराडे असे. त्यात सुरक्षितता होती, पण हवा आणि उजेड नव्हता. ही उणीव नव्या खुराड्यात राहू नये. जागा उंचवट्याची, पाणी न साचणारी आणि रात्री कोंबड्यांची कालवाकालव घरात ऐकू येईल इतकी जवळ असावी. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवल्यास ऊन सरळ आत येत नाही. लगतचे गवत कापलेले असावे. सरपणाचा ढीग दूर हलवावा आणि छपरावर आलेली झाडाची फांदी छाटावी, कारण उदमांजर त्याच वाटेने उतरते.

प्रत्येक पक्ष्यास दीड ते दोन चौरस फूट जागा धरली, तर १० कोंबड्या आणि एक कोंबडा यांना पाच फूट लांब व चार फूट रुंद खुराडे पुरेसे होते. ते दोन फूट उंचीच्या खांबांवर उभे करावे. त्यामुळे तळ कोरडा राहतो आणि उकरणाऱ्या जनावराचा डाव साधत नाही. प्रत्येक खांबाभोवती गुळगुळीत पत्रा गुंडाळावा, म्हणजे उंदीर-घुशींना वर चढता येत नाही. तळ बांबूच्या कामट्यांचा करावा. विष्ठा खाली पडेल, पण पाय अडकणार नाही एवढ्याच, म्हणजे अर्ध्या इंचाच्या, फटी ठेवाव्यात. छप्पर उतरते असावे. पत्रा घातल्यास उन्हाळ्यात त्यावर पाचट किंवा गवत पसरावे. आत बसण्यासाठी गोल दांडे आणि चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालण्यासाठी एक खोके पुरते.

जाळी आणि कडी

बाजारात मिळणारी पातळ षट्कोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते. शत्रूला बाहेर ठेवण्याचे बळ तिच्यात नसते. कुत्रे ती फाडते आणि तिच्या मोठ्या घरांतून साप सहज शिरतो. म्हणून अर्ध्या इंचाच्या घरांची जोडतारेची जाळी घ्यावी आणि ती खिळ्यांवर न सोडता लाकडी पट्ट्यांखाली दाबून बसवावी. तळाच्या कामट्यांखालीही हीच जाळी मारावी. खुराडे जमिनीलगतच असेल, तर जाळीचा एक फूट भाग बाहेरच्या बाजूस जमिनीवर आडवा पसरून मातीने झाकावा. उकरणारे जनावर भिंतीच्या पायाशीच उकरते आणि तेथे त्याला जाळी लागते. दाराला दोरी न बांधता कडी व खिटी लावावी.

मात्र उत्तम जाळीही दार उघडे राहिल्यास निरुपयोगी ठरते. संध्याकाळी रोज ठरावीक वेळी मूठभर दाणे टाकून कोंबड्यांना आत घेण्याची सवय लावावी, मोजणी करावी आणि मगच कडी घालावी. नवीन आणलेले पक्षी पहिले काही दिवस खुराड्यातच कोंडून ठेवले की तेच घर आहे हे त्यांना उमगते. गावठी कोंबडी वेळप्रसंगी झाडावर चढून रात्र काढते. हैदराबाद येथे विकसित झालेल्या वनराजासारख्या वजनदार जातींना ते साधत नाही; त्यांना तर बंदिस्त खुराडे हवेच.

दिवसाची राखण

पहिले सहा आठवडे पिलांना डालग्याखाली ठेवावे आणि डालग्यावर वजन ठेवावे. मोठ्या पक्ष्यांसाठी अंगणात तुरीची ओळ, जास्वंदीचे झुडूप किंवा भोपळ्याचा मांडव असावा. घार दिसताच कोंबडा इशारा देतो आणि कळप आडोशाला धावतो. पण त्यासाठी आडोसा जवळ हवा.

शत्रूला मारण्यासाठी विष किंवा फासे लावू नयेत. मुंगूस, रानमांजर, नाग यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. शिवाय हेच प्राणी शेतातील उंदरांचा फडशा पाडतात. विषाचा घास बहुधा घरच्या कुत्र्याच्या किंवा कोंबडीच्याच पोटात जातो.

न दिसणारे शत्रू

जाळीतूनही आत येणारे शत्रू म्हणजे गोचीड आणि रोग. एक प्रकारचे गोचीड दिवसा लाकडाच्या भेगांत लपते आणि रात्री कोंबड्यांचे रक्त शोषते. त्यासाठी भेगा बुजवून चुना लावावा आणि धूळस्नानासाठी कोरडी माती व राख ठेवावी. मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोगाची, लस जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने वेळच्या वेळी टोचून घ्यावी. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू उद्भवला होता, हे विसरून चालणार नाही. पाणी व खाद्य आडोशाखाली ठेवून रानपाखरांपासून दूर राखावे. अनेक पक्षी एकाएकी मेले, तर त्यांना हात न लावता व उघड्यावर न फेकता दवाखान्यास तत्काळ कळवावे.

बांबू, कामट्या आणि पाचट बहुधा घरचेच असते. पैसा लागतो तो मुख्यतः जाळीला, पत्र्याला आणि कडीला. आता पिले वाचवायची असतील, तर प्रथम आपल्या खुराड्याभोवती एक फेरी मारावी आणि अंगठा शिरेल अशी प्रत्येक फट आजच बुजवावी. घरच्या स्त्रीचे हक्काचे चार पैसे राखण्याचे काम तेथूनच सुरू होते.