मोटारींतील मूल आणि माणसाची आठवण

पोटचें मूल मोटारींत विसरून माणूस कामाला निघून जातो, हें ऐकणाऱ्यास प्रथम खरेंच वाटत नाहीं. छत्री विसरावी, चष्मा विसरावा, फार तर बाजाराची पिशवी विसरावी. परंतु ज्याच्यासाठीं रात्रीच्या रात्री जागून काढल्या तें मूल कसें विसरेल, असा प्रश्न प्रत्येक आईबापाच्या मनांत उभा राहतो. तथापि जें मनाला पटत नाहीं तें घडतच नाहीं, असें मात्र नव्हे. एकट्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९८ पासून बंद मोटारींतील उष्म्यानें ९०० हून अधिक मुलें दगावलीं. सरासरी काढली तर वर्षाला सुमारें ३७ मुलें होतात. त्यांच्या आईबापांत शिकलेले, हुद्देदार, मुलांवर जीव टाकणारे असे सर्व प्रकारचे लोक आहेत.

या अपघातांवर उपाय म्हणून आठवण देणारीं नाना तऱ्हेचीं उपकरणें बाजारांत आलीं आहेत. त्यांतलें कोणतें घ्यावें हें जाहिराती वाचून ठरत नाहीं. बंद गाडींत मुलाचें काय होतें आणि तें विसरलें तरी कां जातें, या दोन गोष्टी आधीं समजल्या म्हणजे निवड पुष्कळशी आपोआप होते.

उन्हांत उभ्या असलेल्या मोटारीच्या कांचांतून प्रकाश आंत शिरतो आणि आसनें, पुढची फळी वगैरे तापवितो. त्या तापलेल्या वस्तूंची उष्णता आंतल्या हवेस मिळते, आणि दारें बंद असल्यामुळें ती हवा बाहेर जाऊं शकत नाहीं. २००५ सालीं अमेरिकेंतील बालवैद्यकाच्या एका प्रमुख नियतकालिकांत यासंबंधींचे प्रयोग प्रसिद्ध झाले. बाहेरचें तापमान सुमारें २२ ते ३६ अंश सेंटिग्रेड होतें अशा निरनिराळ्या दिवशीं मोटार उन्हांत उभी करून मोजणी केली, तेव्हां आंतील तापमान तासाभरांत सरासरीनें २२ अंशांनीं चढलेलें आढळलें. आणि या वाढीचा पांचांतला चार हिस्से भाग पहिल्या अर्ध्या तासांतच उरकला होता. कांच दीड इंच खालीं ठेवून पाहिली तरी म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. म्हणजे पुण्यांतील हिंवाळ्याच्या दुपारीं बाहेर २८ अंश असतांना सुद्धां अर्ध्या तासांत गाडींत ४५ अंश होऊं शकतात. ‘ऊन कांहीं फारसें नाहीं’ आणि ‘कांच थोडी उघडी आहे’ हीं दोन्ही समाधानें फसवीं आहेत.

लहान मुलाचें शरीर मोठ्या माणसाच्या शरीरापेक्षां तीन ते पांच पट वेगानें तापतें. वजनाच्या मानानें त्याच्या त्वचेचा विस्तार अधिक असतो, आणि अंग थंड राखण्याची शक्ति त्यास पुरतेपणीं आलेली नसते. शरीराच्या आंतील तापमान ४० अंशांवर गेलें कीं उष्माघाताचें भय उत्पन्न होतें, आणि तें ४२ अंशांच्या सुमारास पोंचलें म्हणजे प्राणावर बेततें. पट्ट्यानें बांधलेलें आठ महिन्यांचें मूल दार उघडूं शकत नाहीं, कीं कोणास हांकहि मारूं शकत नाहीं.

आतां विसरण्याविषयीं. फ्लॉरिडांतील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड डायमंड यांनीं या प्रश्नाचा बरींच वर्षें अभ्यास केला आहे. त्यांच्या विवेचनाचें सार असें कीं, माणसाच्या मेंदूंत दोन प्रकारच्या स्मृति एकाच वेळीं काम करीत असतात. एक संवयीची स्मृति. हिच्या जोरावर माणूस रोजच्या रस्त्यानें, मनांत दुसरेच विचार चालू असतांहि, कचेरीच्या दारांत बिनचूक पोंचतो. दुसरी संकल्पाची स्मृति. ‘आज वाटेंत मुलाला पाळणाघरांत सोडावयाचें आहे’ हें ती ध्यानांत ठेवते. झोप अपुरी झाली, मनावर ताण पडला किंवा नित्यक्रमांत बदल झाला, म्हणजे संवय संकल्पावर मात करते. एरवीं मुलाला आई नेते, आज वडिलांनीं न्यावयाचें. मूल मागच्या आसनावर झोपीं गेलें. वाटेंत कामाचा फोन आला. आणि गाडी नेहमींच्या वळणावर वळली. त्यानंतर मूल पाळणाघरांत सुखरूप आहे अशीच त्या माणसाची प्रामाणिक समजूत असते. प्रेम कमी पडलें म्हणून हें घडतें असें मानणें चुकीचें आहे, आणि धोक्याचेंहि आहे. कारण ज्यास आपल्या प्रेमाची खात्री आहे, तो कोणतीच तजवीज करीत नाहीं.

यांत एक चमत्कारिक योगायोगहि आहे. १९९० नंतर अमेरिकेंतील मोटारींत पुढच्या आसनांसमोर हवेच्या पिशव्या आल्या. टक्कर होतांच फुगणाऱ्या या पिशव्यांनीं मोठ्यांचे प्राण वांचविले, पण लहान मुलांस त्यांचा आघात घातक ठरूं लागला. म्हणून मुलांना मागच्या आसनावर, आणि तान्ह्यांना तोंड मागें करून बसवावें, असा नियम पडला. तो नियम योग्यच आहे व पाळलाच पाहिजे. पण त्यामुळें मूल चालविणाऱ्याच्या नजरेआड गेलें.

या मृत्यूंची वर्गवारी ध्यानांत घेण्यासारखी आहे. अमेरिकेंत त्यांतील निम्म्याहून थोडीं अधिक मुलें विसरलीं गेलेलीं असतात; सुमारें चतुर्थांश मुलें खेळतां खेळतां स्वतःच उघड्या गाडींत शिरून अडकलेलीं असतात; आणि सुमारें पंचमांश मुलांना ‘दोन मिनिटांत येतों’ म्हणून जाणूनबुजून ठेवलेलें असतें. आपल्या देशांतहि हे प्रकार घडले आहेत. राजस्थानांत कोटा जिल्ह्यांत २०२४ च्या मे महिन्यांत एक कुटुंब लग्नास गेलें. आई मोठ्या मुलीसह उतरली, वडील गाडी लावावयास गेले. धाकटी तीन वर्षांची मुलगी आईबरोबर उतरली असें वडिलांस वाटलें, आणि ती गाडींतच राहून दगावली. नागपुरांत २०२३ च्या जून महिन्यांत खेळावयास बाहेर पडलेलीं तीन लहान मुलें घराजवळच उभ्या असलेल्या एका मोटारींत मृतावस्थेंत सांपडलीं. पहिल्या प्रकारांत आठवण देणारें उपकरण कामास आलें असतें. दुसऱ्या प्रकारांत मुलांच्या आईबापांजवळ कोणतेंहि उपकरण असतें तरी व्यर्थ होतें; तेथें उपाय एकच, तो म्हणजे प्रत्येकानें आपल्या दारांतील गाडी नेहमीं कुलुपबंद ठेवणें आणि किल्ली मुलांच्या हातीं लागूं न देणें.

उपकरणांचे स्थूलमानानें चार वर्ग पडतात. पहिला वर्ग बिनखर्चाच्या युक्त्यांचा. हातपिशवी, भ्रमणध्वनि किंवा डाव्या पायाचा बूट मागच्या आसनापाशीं ठेवावा, म्हणजे उतरतांना मागें वळावेंच लागतें. किंवा मुलाचें एखादें ठळक खेळणें एरवीं त्याच्या आसनावर ठेवावें, आणि मूल बसलें कीं तें चालकाच्या शेजारीं आणावें. यांत बिघडण्यासारखें कांहीं नाहीं. उणीव एवढीच कीं, ही युक्ति रोज करण्याची आठवण माणसानेंच ठेवावयाची असते. मूल गाडींत असो वा नसो, ती दररोज केली तर तिची संवय होते आणि मग ती खरी उपयोगीं पडते.

दुसरा वर्ग भ्रमणध्वनींतील सूचनांचा. रस्ता दाखविणाऱ्या कांहीं योजनांत, मुक्कामीं पोंचल्यावर ‘मागचें आसन पाहा’ अशी सूचना मिळण्याची सोय असते. पण रोजच्या वाटेवर माणूस रस्ता विचारीत नाहीं, आणि धोका नेमका रोजच्या वाटेवरच अधिक असतो.

तिसरा वर्ग मुलाच्या आसनाला जोडावयाच्या उपकरणांचा. आसनावर एक पातळ गादी घालतात, किंवा मुलाच्या छातीवरील पट्ट्याला एक चिमटा लावतात. मूल बसलेलें असतां चालक कांहीं अंतर दूर गेला, कीं त्याच्या किल्लींतील किंवा भ्रमणध्वनींतील घंटा वाजते. कल्पना उत्तम आहे. परंतु २०१२ सालीं फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयांतील संशोधकांनीं अमेरिकन सरकारसाठीं अशा उपकरणांची परीक्षा केली, तेव्हां त्यांच्या कामांत सातत्य आढळलें नाहीं. मूल थोडें कलंडून बसलें, आसनावर दूध सांडलें किंवा जवळ दुसरें विद्युत्-उपकरण असलें, कीं सूचना चुके. केवळ त्यांवर विसंबूं नये, असाच निर्वाळा त्यांनीं दिला. त्यानंतर उपकरणें सुधारलीं आहेत. तरी तो इशारा विसरूं नये. शिवाय आपल्याकडे पुष्कळ घरीं मूल स्वतंत्र आसनावर न बसवितां मांडीवरच घेतात. मांडी टकरीपासून मुलास वांचवीत नाहीं. आणि जेथें आसनच नाहीं तेथें आसनाची गादी कोणास हांक मारणार?

चौथा वर्ग गाडींतच बसविलेल्या योजनांचा, आणि येथें खरेदी करणाऱ्यानें नीट चौकशी केली पाहिजे. कारण एकाच नांवाखालीं दोन अगदीं भिन्न गोष्टी विकल्या जातात. पहिली दारावरून अनुमान करणारी. २०१६ सालीं जनरल मोटर्सनें ती आपल्या एका नव्या गाडींत आणली. प्रवासापूर्वीं थोडा वेळ आधीं किंवा गाडी चालू असतां मागचें दार उघडलें असेल, तर प्रवास संपतांच घंटा होते व मागें पाहण्याची सूचना दिसते. या योजनेला मूल दिसत नाहीं. तिला दार उघडल्याचें तेवढें कळतें. वाटेंत तेल भरण्यासाठीं गाडी थांबवून पुन्हां सुरू केली आणि मागचें दार उघडलें नाहीं, तर पुढच्या मुक्कामीं ती मुकी राहते. दुसरी योजना मूल प्रत्यक्ष ओळखणारी. तींत रडारच्या सूक्ष्म लहरी आंत फिरून, पांघरुणाखालीं झोपलेल्या तान्ह्याच्या श्वासानें होणारी छातीची हालचालहि टिपतात. आणि गाडी बंद झाल्यावर कोणी आंत असल्यास भोंगा वाजतो किंवा मालकास निरोप जातो. युरोपांत नव्या गाड्यांची सुरक्षितता तपासून गुण देणाऱ्या युरो एन्कॅप या संस्थेनें २०२३ पासून मूल ओळखणाऱ्या योजनांस गुण देण्यास आरंभ केला, आणि २०२५ च्या नियमांत केवळ प्रत्यक्ष ओळख करणाऱ्या योजनाच गुणांस पात्र ठरविल्या. मागच्या आसनावर पट्टा बांधण्याची आठवण देणारी घंटा ही तिसरीच वस्तु होय. ती मुलाची राखण करीत नाहीं.

मग निवड कोणत्या कसोटीवर करावी? इटलीनें चार वर्षांखालील मुलांस गाडींतून नेतांना असें उपकरण वापरण्याची सक्ति २०१९ च्या नोव्हेंबरांत अमलांत आणली. उपकरण कसें असावें हें तेथील नियमांत सांगितलें आहे, आणि त्यांतील तत्त्वें कोणत्याहि देशांतील गृहस्थास उपयोगीं पडतील. पहिलें तत्त्व सर्वांत महत्त्वाचें: उपकरण दरवेळीं आपोआप सुरू झालें पाहिजे. जें सुरू करण्याचीच आठवण ठेवावी लागते, तें विसरण्यावर औषध होऊं शकत नाहीं. दुसरें, तें सुरू झालें आहे याची खूण चालकास मिळाली पाहिजे. तिसरें, विद्युत्‌घट संपत आला तर त्यानें आधीं कळविलें पाहिजे. चौथें, त्याची हांक डोळ्यांना दिसावी आणि कानांना ऐकूं यावी किंवा हाताला जाणवावी. याला व्यवहाराच्या आणखी दोन कसोट्या जोडाव्या. पहिल्या माणसानें ऐकलें नाहीं तर दुसऱ्या कोणास निरोप जातो काय, हें पाहावें. आणि मुलाच्या आसनाच्या निर्मात्यानें तें जोडण्यास संमति दिली आहे काय, हें विचारावें, नाहींतर टकरीच्या वेळीं आसनाच्या कामांत व्यत्यय यावयाचा. घरीं आणल्यावर मुलाच्या वजनाची पिशवी ठेवून एकदां परीक्षा घ्यावी. उगीच वारंवार ओरडणारें उपकरण मात्र घेऊं नये. लोक त्याला कंटाळून बंद करतात.

शाळेच्या गाड्यांविषयीं जपानचें उदाहरण बोधप्रद आहे. तेथें माकिनोहारा शहरांत २०२२ च्या सप्टेंबरांत बालवाडीच्या बसमध्यें तीन वर्षांची एक मुलगी राहून गेली व दगावली. २०२३ च्या एप्रिलपासून सरकारनें अशा बसमध्यें सुरक्षा-साधन आवश्यक केलें. त्यांतल्या एका प्रकारांत यंत्र बंद करतांच भोंगा सुरू होतो, आणि तो थांबविण्याची कळ अगदीं मागें असते. चालकाला सर्व आसनें पाहात पाहात तेथवर चालत जावेंच लागतें. आपल्याकडील मुलांच्या व्हॅनमध्यें कळ नसली, तरी शेवटल्या आसनापर्यंत जाऊन येण्याचा शिरस्ता पालकांस आजच घालून घेतां येईल. त्याला खर्च नाहीं.

उपकरण कितीहि चांगलें असलें तरी त्याच्या मागें माणसांची एक साखळी असावी. ठरल्या वेळीं मूल आलें नाहीं तर पाळणाघरानें दहा मिनिटांत आईला आणि वडिलांनाहि फोन करावा, असें सांगून ठेवावें. समारंभास उतरतांना ‘धाकटी कोणाकडे आहे?’ हें मोठ्यानें विचारावें, आणि उत्तर नांवानिशीं घ्यावें. समजत्या मुलास भोंगा दाबण्यास व पुढचें दार उघडण्यास शिकवावें. मूल हरवलें असें वाटतांच आधीं आसपासच्या गाड्या आणि त्यांचे सामानाचे कप्पे पाहावे. आणि रस्त्यानें जातांना बंद गाडींत मलूल पडलेलें मूल दिसलें, तर मालकाची वाट पाहात न बसतां ११२ या क्रमांकावर मदत मागावी, दार उघडेना तर मुलापासून दूरची कांच फोडावी, आणि त्यास सावलींत आणून अंगावर पाणी घालावें.