गाडीला बाहेरून टर्बो बसविण्याआधी

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यापारी बांधवांच्या घरातील तरुण मुलांमध्ये गाडीला बाहेरून टर्बो किट बसवून घेण्याची हौस वाढलेली दिसते. यात नवल वाटण्यासारखे काही नाही. कळंबहून मालासाठी नागपूरला जाणाऱ्या कापड व्यापाऱ्याला गाडीची ओढ कोठे कमी पडते हे आम्ही चांगले जाणतो. चार माणसे, मागे साड्यांचे गठ्ठे, एसी चालू, आणि मे महिन्यातील दुपार. वर्ध्याच्या पुढे एखादा ट्रक ओलांडावयास जावे तर बाराशे सीसीची पेट्रोल गाडी दम टाकते. अशा वेळी कोणी सांगितले की एक किट बसवा, गाडी दीडपट पळेल, तर मन तिकडे वळणारच. आमचा धंदा कापडाचा आहे, गाड्यांचा नाही. परंतु ज्या वस्तूत भांडवल अडकवावयाचे तिचा हिशेब आधी मांडावा, ही दुकानदारीची सवय आहे. तीच सवय आम्ही येथे लावून पाहिली.

टर्बो ही काही नवी वस्तू नव्हे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनियरने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एका छोट्या पंख्याला फिरवितो. त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकावरील पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनमध्ये भरतो. हवा जास्त भरली की इंधन जास्त जाळता येते, आणि ताकद वाढते. ही दांडी मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेते, आणि तिला आधार असतो तो तेलाच्या पातळ थराचा. पेट्रोल इंजिनच्या धुराची उष्णता ९०० अंशांच्या वर जाऊ शकते. म्हणजे एका बाजूस भट्टी, दुसऱ्या बाजूस हवा, आणि मधे तेल. हे यंत्र मापात बसले तर वर्षानुवर्षे चालते, माप चुकले तर महिन्यात जाते.

आता ‘दीडपट’ या शब्दाकडे येऊ. किट विकणारे बहुधा अर्धा बार दाब सांगतात. वातावरणाचा एक बार आणि वरून अर्धा, म्हणजे दीडपट हवा, असा त्यांचा हिशेब. परंतु हवा दाबली की तापते, आणि तापलेली हवा विरळ होते. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो. ही ४४ अंशांची हवा दीडपट दाबून साधारण चांगल्या टर्बोतून बाहेर पडते तेव्हा ती १०० अंशांच्या थोडी वरच असते. तिच्या विरळपणाचा हिशेब केला तर हवा दीडपट नव्हे, सव्वापटच भरली असे निघते. मधे इंटरकूलर, म्हणजे हवेचा रेडिएटर, बसवून ती ६० अंशांपर्यंत उतरविली तर १.४ पट पदरात पडते. ज्या किटमध्ये इंटरकूलर नाही ते महाबळेश्वरला कदाचित चालेल, विदर्भात नाही. गजात भरून दिलेले कापड धुतल्यावर किती उरते हे गिऱ्हाईक विचारते, तसेच हे आहे.

उष्णतेचा दुसरा परिणाम याहून घातक आहे. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण फार दाबले व फार तापले तर ते ठिणगीनंतर शिस्तीने जळण्याऐवजी मधेच एकदम भडकते. इंजिनमधून खडखड असा आवाज येतो, त्यास मिस्त्री लोक नॉकिंग म्हणतात. हे वारंवार घडले तर पिस्टनचा माथा फुटतो. म्हणून कॉम्प्रेशन रेशो हा आकडा किटच्या किमतीच्या आधी विचारावयाचा. डिझायरमध्ये २०२० साली आणि स्विफ्टमध्ये २०२१ साली आलेल्या ११९७ सीसी ड्युअलजेट इंजिनाचा हा रेशो १२ ला १ आहे. त्याच कंपनीने टर्बो देऊन काढलेल्या ९९८ सीसी बूस्टरजेट इंजिनाचा तो १० ला १ च्या आसपास ठेवला. कंपनीच्या इंजिनियरांनी तो उगाच खाली आणलेला नाही. टर्बो हवा आधीच दाबून देतो, मग सिलिंडरने आणखी किती दाबावयाची यास मर्यादा आलीच. १२ च्या इंजिनावर बाहेरून टर्बो ठेवणे म्हणजे भरलेल्या पोत्यात पुन्हा माल ठोसणे होय.

खुद्द एका मोठ्या कारखान्याने हा धडा घेतलेला आहे. अमेरिकेत १९६२ साली ओल्डस्मोबिल कंपनीने जेटफायर नावाची टर्बो पेट्रोल गाडी बाजारात आणली. इंजिनाचा रेशो १०.२५ ठेवला होता. नॉकिंग रोखण्यासाठी पाणी आणि मेथॅनॉल यांचे मिश्रण एका वेगळ्या टाकीतून आत सोडावे लागे. गिऱ्हाईक ती टाकी भरावयास विसरत. दोन वर्षांत गाडी बंद झाली, आणि पुढे कंपनीने स्वतः पुष्कळ गाड्यांचा टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण त्याउलट आहे. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात फियाटची लिनिया गाडी बनत असे. तिचे साधे १३६८ सीसी पेट्रोल इंजिन ९० अश्वशक्तीचे होते, आणि ओढ ११५ न्यूटन-मीटर. २०१० साली त्याच १३६८ सीसीमध्ये टर्बोची टी-जेट आली, तिची अश्वशक्ती ११४ आणि ओढ २०७. ओढ जवळजवळ दुप्पट झाली. वाचकांनी मात्र पुढची गोष्ट पाहावी. कंपनीने नुसता टर्बो लावून गाडी सोडली नाही, चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले. पळणे वाढविले तर थांबणेही वाढविले पाहिजे, हे कारखान्याला कळते. किटच्या पेटीत ब्रेक नसतात. लिनिया आता नवी मिळत नाही, पण हा हिशेब जुना झालेला नाही.

आमच्या भाच्याने अशाच एका किटची चौकशी चालविली होती. त्याची गाडी वर सांगितलेल्या १२ रेशोच्या इंजिनाची. तो म्हणाला, “मामू, किटवाला सांगतो की इंजिन उघडावेच लागत नाही, दोन दिवसांत गाडी तयार.” आम्ही म्हणालो, “बेटा, त्यास तीनच गोष्टी लिहून द्यावयास सांग. तुझ्या इंजिनाचा रेशो किती, या किटने दाब किती, आणि पिस्टन फुटला तर खर्च कोणाचा.” आठ दिवस गेले, लिहून आले नाही. फोनवर मात्र सूट वाढत गेली. सूट वाढू लागली की माल परत तपासावा, हे आमच्या धंद्यातील पोरेही जाणतात.

कायद्याची बाजू तर त्याहून महत्त्वाची आहे, आणि किट विकणारे ती बोलतच नाहीत. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणीपत्रात लिहिलेली, कारखान्याने ठरविलेली वैशिष्ट्ये बदलतील असा फेरफार मालकाने करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आले. परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारास ५ हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कोणी म्हणेल, मग सीएनजी किट कसे चालते? त्याचे कारण असे की सीएनजी किटला मान्यता देण्याची सरकारी पद्धत आहे. मंजूर किट, मान्यताप्राप्त फिटर, आरटीओची तपासणी, आणि आर.सी. बुकावर नोंद. बाजारातील टर्बो किटच्या पेटीवर असा मान्यतेचा कागद मागून पाहावा. तो नसेल तर ती गाडी बंद मैदानावरील शर्यतीपुरती, रस्त्यासाठी नव्हे.

विम्याचे तसेच. न कळविलेला फेरफार सापडला तर विमा कंपनीला दावा अडविण्यास कारण मिळते. कपड्याच्या दुकानदाराची गाडी ही त्याच्या भांडवलाचा तुकडा असते. ती वर्धा रोडवर कोणास धडकली आणि विमा अडकला, तर पाच हजारांचा दंड ही त्यातली सर्वांत लहान रक्कम ठरेल.

आता ज्यास शर्यतीच्या गाडीसाठी, किंवा रीतसर मंजुरी घेऊन हे काम करावयाचेच आहे, आणि जे आपले कारागीर बांधव हे काम करतात, त्यांच्यासाठी काही गोष्टी सांगतो. यातील पुष्कळशा कंपनीच्या टर्बो गाडीत बिघडलेला टर्बो बदलतानाही लागू आहेत, आणि ते काम पूर्ण कायदेशीर आहे.

टर्बो निवडताना मोठा तो चांगला असे समजू नये. मोठा पंखा फिरावयास वेळ घेतो. पाय दाबल्यावर दोन क्षण काहीच होत नाही आणि मग गाडी एकदम उसळते. ओझे ओढणाऱ्यास लहान टर्बो बरा, तो दोन हजार फेऱ्यांच्या आतच काम सुरू करतो. इंजिन न उघडता ०.४ ते ०.५ बारच्या वर जाऊ नये, तेही कॉम्प्रेशन रेशो कमी असेल तर. दाब मर्यादेत ठेवणारी वेस्टगेट नावाची झडप किटमध्ये आहे की नाही आणि ती किती दाबावर उघडते, हे तपासावे. पेट्रोल गाडीत हवा वाढली की इंधनही वाढले पाहिजे. मोठे इंजेक्टर आणि संगणकाची नवी जुळणी यांच्याशिवाय बसविलेला टर्बो मिश्रण पातळ करतो, आणि पातळ मिश्रण पिस्टन वितळविते. नावाजलेल्या कंपन्यांच्या नावाचे नकली टर्बोही बाजारात फिरतात, म्हणून पक्के बिल आणि पेटीवरील नंबर जुळविल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बसविण्याआधी इंजिनाचे कॉम्प्रेशन आणि तेलाचा दाब मोजावा. थकलेल्या इंजिनाला टर्बो लावणे म्हणजे म्हाताऱ्या बैलाला जास्त मोठी गाडी जोडणे. सर्वांत जास्त चुका तेलाच्या नळ्यांत होतात. तेल आत नेणारी नळी बारीक चालते, परत येणारी मात्र जाड हवी आणि सरळ खाली उतरती हवी, कारण त्या तेलाला मागे ढकलणारा दाब नसतो, ते आपल्या वजनाने उतरते. ही नळी आडवी गेली किंवा दबली तर तेल सीलमधून बाहेर पडते आणि सायलेन्सर निळा धूर सोडतो. यवतमाळ रोडवर एका गाडीचे नेमके असे झालेले आम्ही पाहिले. मिस्त्रीने दोन वेळा टर्बो बदलला, आणि तिसऱ्या एका उस्तादाने फक्त नळी सरळ केली. जुन्या गॅस्केटचा किंवा वेल्डिंगचा एक कण आत राहिला तर पंख्याची पाती जातात. पहिल्यांदा सुरू करण्याआधी टर्बोत हाताने तेल सोडावे, आणि इंधन बंद ठेवून इंजिन काही सेकंद स्टार्टरवर फिरवून तेलाचा दाब चढू द्यावा. गरम भागाजवळच्या वायरी आणि रबरी नळ्यांना उष्णतारोधक पट्टी लावणे विसरू नये, गाड्या तेथूनच पेट घेतात.

आमचे स्वतःचे मत विचाराल तर, ज्यास ओढ हवी त्याने कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेली गाडी पाहावी, नवी नाही तर जुनी. मारुतीच्या ज्या डिझेल गाड्या २०२० पर्यंत निघाल्या त्यांतील पुष्कळ गाड्यांत १२४८ सीसी टर्बो इंजिन होते, स्विफ्टमध्ये ७५ अश्वशक्तीचे. रांजणगावलाच बनणारी नेक्सॉन २०१७ पासून टर्बो पेट्रोलमध्ये मिळते. जुनी टर्बो गाडी घेताना हवेची नळी सोडवून पंख्याची दांडी बोटाने हलवून पाहावी. आडवी किंचित हलली तर चालते, पुढे-मागे हलू नये. पाती घराला घासल्याच्या खुणा असू नयेत. तेल कधी बदलले त्याच्या पावत्या मागाव्यात. लांबून आल्यावर गाडी लगेच बंद न करता मिनिट-दोन मिनिटे चालू ठेवणारा मालक भेटला तर त्याची गाडी चार पैसे जास्त देऊनही घ्यावी. आणि जुन्या डिझेल गाडीची चाचणी घेताना पाय काढल्यावरही इंजिन आपोआप चढत गेले, तर ते टर्बोतून गळणारे तेलच जाळत आहे असे समजावे. त्या वेळी किल्ली काढून ते थांबेलच असे नाही. ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडावा, म्हणजे बंद पडते.