न जुळलेल्या भाकितांचा हिशेब

‘गुरुजींनी पत्रिका बघून सांगितलं आणि अगदी तस्संच झालं’ या वाक्याशी वाद घालणं अवघड. सांगणारा खोटं बोलत नसतो. न जुळलेली भाकितं तो विसरलेला असतो, एवढंच. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पुण्यात या विसरभोळेपणाचा हिशेब ज्यांनी चिकाटीनं मांडला, त्यांचा एक पत्ता शनिवार पेठेतला, ‘साधना’चं कार्यालय. साने गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या या साप्ताहिकाचे डॉ. नरेंद्र दाभोलकर १९९८ पासून अखेरपर्यंत संपादक होते.

त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीच्या भाषणांपेक्षा मला तिची मोजदाद मोलाची वाटते. सप्टेंबर १९९५ मध्ये गणपती दूध प्यायला, तेव्हा पृष्ठताण समजावून सांगणाऱ्यांचं फारसं कोणी ऐकलं नाही. ‘मी स्वतः पाजलं’ म्हणणारे आजही भेटतात. २००८ चा प्रयोग मात्र असा होता की, त्यात कोणाच्या अनुभवाचा प्रश्नच उरला नाही. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे सुधाकर कुंटे, दाभोलकर आणि ज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे यांनी दोनशे पत्रिका जमवल्या. शंभर हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस द्यायच्या आणि कोणती कोणाची एवढंच विचारायचं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर! सर्वांत सरस ज्योतिषाची चाळीसपैकी चोवीस जुळली. एका संस्थेनं दोनशेच्या दोनशे तपासल्या, त्यातल्या १०२ बरोबर निघाल्या. नाणं उडवलं असतं तरी साधारण एवढंच हाती लागलं असतं, दक्षिणाही वाचली असती.

तरी पत्रिका बघणं थांबलं नाही. ‘शास्त्र खरं, पण जाणकार उरले नाहीत’ हा बचाव तयारच असतो. या बचावाची गंमत अशी की, तो कुठल्याही निकालानंतर चालतो. म्हणूनच तो निरुपयोगी.

दाभोलकर ज्यासाठी झगडत होते, त्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या वेळी भाकितं विरोधकांनी केली. वारी बंद होईल, घरात सत्यनारायण घालणाऱ्याला पोलीस नेतील! वास्तविक वारी, कीर्तन, प्रवचन यांना कायदा लागू नाही, हे त्यातच लिहिलेलं आहे. शिक्षा आहे ती भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करण्याला, नरबळीला, अघोरी प्रकारांना. वारी दर आषाढात निघतेच आहे. पण अशा भीतीपोटी विधेयक वर्षानुवर्षं रखडलं.

२० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांवर ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या झाडल्या गेल्या. अस्पृश्यतेविरुद्ध आयुष्य वेचलेल्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचं नाव त्या पुलाला आहे. वर्षानुवर्षं जे जमलं नव्हतं ते चार दिवसांत जमलं, २४ ऑगस्टला राज्यपालांनी अध्यादेशावर सही केली. डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. सरकारला पटायला युक्तिवाद पुरला नाही, खून लागला, याचा अभिमान कोणी बाळगू नये.

खटल्याचा निकाल १० मे २०२४ ला लागला. सचिन अंदुरे आणि शरद कळसकर यांना जन्मठेप झाली, उरलेले तिघे निर्दोष सुटले. गोळ्या कोणी झाडल्या, ते न्यायालयानं सांगितलं. झाडायला कोणी सांगितलं, ते सिद्ध झालेलं नाही. दर वर्षी त्या तारखेला पुलावर जमणारे कार्यकर्ते आता सूत्रधाराचं नाव विचारतात.