शर्यत, कॅमेरा आणि नजरेचा अदब

जानेवारीचा तिसरा रविवार म्हणजे मुंबई मॅरेथॉनचा दिवस. २००४ साली सुरू झालेली ही शर्यत आम्ही इतकी वर्षे टीव्हीवर पाहत होतो. गेल्या खेपेला आमच्या मुलीने हाफ मॅरेथॉनचा, म्हणजे २१ किलोमीटरचा फॉर्म भरला आणि शर्यत थेट घरात आली.

दादीचा विरोध धावण्याला नव्हता. प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत आयेशा (रजि.) यांच्यात धावण्याची शर्यत झाली होती, हे तिनेच आम्हाला लहानपणी सांगितलेले. तिला भीती वेगळीच होती. "रस्त्यावर हजार मोबाइल असतील. पोरीचा फोटो कोण कसा काढेल आणि कुठे कुठे पाठवेल?" मुलगी पूर्ण बाह्यांचा सैलसर टी-शर्ट, ट्रॅकपँट आणि डोक्याला घट्ट स्कार्फ बांधून धावणार होती. तरी दादीचे मन मानेना. शेवटी ठरले की, फोटो घरच्यांनीच काढायचे. आम्ही दोघा नवरा-बायकोंनी ती जबाबदारी घेतली.

काम वाटले तितके सोपे नव्हते. हाफ मॅरेथॉन माहीमहून पहाटे पाचच्या सुमारास सुटते, सी लिंक, वरळी, हाजी अली, पेडर रोड, मरीन ड्राइव्ह असे करत सीएसएमटीजवळ संपते. जानेवारीत मुंबईत फज्रची वेळ सहाच्या आसपास सुरू होते आणि सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. म्हणजे नमाजची वेळ सुरू होते आणि संपते, तेव्हा धावणारा रस्त्यावरच असतो. मुलीने हिशोब मांडला : किलोमीटरला सात मिनिटे धरली, तर साडेसहाच्या पुढेमागे हाजी अली. ती वुजू करून निघाली. आम्ही जानमाज आणि पाण्याची बाटली घेऊन पहाटेच्या लोकलने महालक्ष्मीला उतरलो. रस्ते बंद असतात, त्यामुळे त्या दिवशी लोकल आणि पाय हेच खरे वाहन.

फज्र पढून आमच्यातला एक जण हाजी अलीच्या फुटपाथवर थांबला, दुसरा कॅमेरा घेऊन पेडर रोडच्या चढाकडे गेला. हा चढ धावपटूंची परीक्षा पाहतो. पूर्ण मॅरेथॉनवाल्यांना, ज्यांना ४२.१९५ किलोमीटर धावायचे असते, तो परतताना शेवटच्या टप्प्यात लागतो. पाय जड झालेले असतात आणि समोर रस्ता वर चढत जातो. म्हणूनच तिथले लोक संत्र्याच्या फोडी, मीठ, बिस्किटे घेऊन उभे असतात. फोटो काढणारेही तिथेच जमतात. चढावर वेग मंदावतो, चेहरा नीट टिपता येतो.

मुलगी हाजी अलीला आली, भिंतीकडच्या बाजूला अम्मीच्या आडोशाने दोन रकअत फर्ज अदा केली, दोन घोट पाणी प्यायली आणि निघाली. त्या पाच मिनिटांचा फोटो नाही. तो काढायचा नाही, हे आधीच ठरले होते.

पेडर रोडवर ती दिसली तेव्हा नुकते उजाडत होते. एकामागून एक वीस-पंचवीस फोटो निघाले. त्यातला एक फारच चांगला आला. मुलगी हसत चढ चढते आहे आणि तिच्या मागे एक बाई पायात गोळा येऊन दुभाजकाजवळ बसली आहे. चेहरा वेदनेने वाकडा, कपडे अस्ताव्यस्त. एक हसरी, एक कोलमडलेली. फोटो बोलका होता. आम्ही तो लगेच स्टेटसला ठेवला.

संध्याकाळी मुलीने तो पाहिला. म्हणाली, "अब्बा, मागे बसलेली ही कोण?"

"कोण जाणे. असेल कुणीतरी."

"हिच्या घरी पण दादी असेल ना?"

आम्ही गप्प झालो. तोवर साठ-सत्तर जणांनी स्टेटस पाहिले होते. दोघांनी हसण्याची इमोजी पाठवली होती, आणि ती आमच्या मुलीसाठी नव्हती. स्टेटस काढून टाकले. पण लोकांनी पाहिलेले कसे काढून टाकणार? ज्या भीतीपायी दादीने आम्हाला कॅमेरा घेऊन पाठवले, तेच आम्ही दुसऱ्याच्या लेकीला केले होते. कुरआनने सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा आदेश आधी पुरुषांना दिला आहे, मग स्त्रियांना. आज कॅमेरा हीसुद्धा आपली नजरच आहे. दुसऱ्याचा ऐब झाकणाऱ्याचा ऐब अल्लाह झाकतो, ही हदीस आम्ही किती वेळा ऐकली आहे. बटण दाबताना आठवली नाही.

याचा अर्थ फोटो काढूच नयेत, असा नाही. १९६७ साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्विट्झर ही तरुणी धावत होती. तिच्या छातीवरचा २६१ क्रमांक ओढून काढायला शर्यतीचा एक अधिकारीच रस्त्यात धावून आला. पत्रकारांच्या कॅमेऱ्यांनी ते टिपले आणि फोटो जगभर गेले. स्त्रियांना त्या शर्यतीत अधिकृत प्रवेश मिळाला तो १९७२ मध्ये. त्या फोटोंनी एका स्त्रीवर होणारी जबरदस्ती उघडी पाडली. आमच्या फोटोने एका स्त्रीची लाचारी उघडी पाडली. कॅमेरा तोच, नियत वेगळी.

पुढच्या जानेवारीत आपल्या घरचे कोणी धावणार असेल, तर जरूर जा. कपड्यांचा रंग, क्रमांक आणि अंदाजे वेळ लिहून घ्या, गर्दीत मोबाइलचे नेटवर्क दगा देऊ शकते. पहाटे मोबाइलचा नाइट मोड बंद ठेवा, त्यात धावणारा पुसट येतो. कॅमेरा असेल तर आयएसओ ३२०० पर्यंत वाढवा आणि शटर १/२५० च्या खाली आणू नका. उजेड वाढला की १/५०० ठेवा. फुटपाथ सोडून रस्त्यात उतरू नका, फ्लॅश मारू नका. कोणी पडले तर आधी कॅमेरा खाली, पाण्याची बाटली पुढे. आणि फोटो पाठवण्यापूर्वी आपल्या माणसाच्या मागे कोण आहे, ते एकदा मोठे करून पाहा.

आम्ही तो फोटो कापून घेतला. आता त्यात फक्त मुलगी आणि चढाचा रस्ता आहे. दादीने तो आपल्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने चिकटवला आहे. त्या अनोळखी बहिणीची माफी मागायला तिचा पत्ता आमच्याकडे नाही, म्हणून तिच्यासाठी दुआ करतो. अल्लाह तिला पुढची शर्यत पूर्ण करण्याची ताकद देवो आणि आमच्या नजरेला अदब देवो. आमीन.